मोटर बसवलेल्या सायकलचा मागचा नट वारंवार सैल होतो, तारा तुटतात: मोटर बदलण्याआधी फ्रेम आणि चाक तपासा

साध्या सायकलला हब मोटरचे, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या मोटरचे, किट बसवून घेतलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. मागच्या चाकाचा नट सैल होतो, दुकानात नेऊन तो आवळून आणला की काही आठवडे बरे जातात आणि मग चाक पुन्हा एका बाजूला सरकून ब्रेकला घासू लागते. त्याच सुमारास चाकाची एखादी तार तुटते, ती बदलली की शेजारची तुटते, आणि अखेर एखाद्या चढावर मोटर आचके देऊन बंद पडते. मालकाला या तीन वेगवेगळ्या तक्रारी वाटतात आणि तो त्या तीन वेगवेगळ्या माणसांकडे नेतो: नट पंक्चरवाल्याकडे, चाकाचा आऊट (म्हणजे वाकडेपणा) सायकलवाल्याकडे आणि बंद मोटर किट विकणाऱ्याकडे. किट विकणारा बहुधा नवी मोटर सुचवतो. माझ्या अनुभवात मात्र हा बहुतेक वेळा एकच दोष असतो, तो तीन टप्प्यांनी बाहेर पडतो, आणि त्याचे मूळ मोटरमध्ये नसून ती जिथे धरली जाते त्या फ्रेमच्या टोकात आणि ज्या चाकात ती बांधली आहे त्या चाकात असते. तेच टोक आणि तेच चाक ठेवून मोटर बदलली तर नवी मोटरही त्याच वाटेने जाते.

पुढील विवेचन आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या जोडणीला, म्हणजे ३६ व्होल्ट, २५० वॉटच्या, आत गिअर असलेल्या आणि मागच्या चाकात बसवलेल्या हब मोटरला धरून केले आहे.

ॲक्सलवर नेमका किती भार येतो

साध्या सायकलमध्ये मागचा ॲक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, फक्त वजन आणि साखळीची ओढ पेलतो. त्याला फिरवणारे कोणी नसते. हब मोटरमध्ये हे चित्र पालटते. मोटर चाकाला जितक्या जोराने पुढे फिरवते तितक्याच जोराने ती ॲक्सलला मागे फिरवू पाहते, आणि त्याला अडवायला फ्रेमच्या टोकाची खाच (जिला दुकानात ड्रॉपआउट म्हणतात) एवढा एकच आधार असतो. अशा मोटरचा ॲक्सल सहसा १२ मिमी व्यासाचा असून खाचेत बसावा म्हणून दोन बाजूंनी चपटा करून १० मिमीवर आणलेला असतो. चढावर सुरुवातीच्या क्षणी ही मोटर साधारण ४० न्यूटन-मीटरपर्यंत पीळ देते. हा सगळा पीळ जेमतेम १० मिमीच्या अंतरावर पेलायचा म्हटला, तर खाचेच्या कडांवर चार हजार न्यूटनहून अधिक जोर येतो, म्हणजे सुमारे चारशे किलोच्या वजनाएवढा. तोही एकदाच नव्हे, तर प्रत्येक सिग्नलला आणि प्रत्येक चढावर. सायकलची खाच अशा भारासाठी घडवलेलीच नसते.

यातून एक गोष्ट निघते, जी फारशी कोणी सांगत नाही. ॲक्सल मागे फिरू लागला की उजवीकडचा नट त्याच्या आट्यांवर आवळला जातो आणि डावीकडचा सुटत जातो. त्यामुळे डावा नट वारंवार सैल होत असेल तर नट खराब आहे असे समजून तो बदलण्यात अर्थ नाही. ॲक्सल खाचेत हलतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. ब्रेक लावताना बॅटरी चार्ज करणाऱ्या, गिअर नसलेल्या जड मोटरमध्ये हा पीळ दोन्ही दिशांना आलटून पालटून बसतो, म्हणून तिथे दोन्ही नट सुटतात आणि खाच अधिक लवकर रुंदावते.

दोष इथेच आहे हे कसे ओळखावे

दोन्ही नट नीट आवळून, नट आणि फ्रेम या दोन्हींवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढावी, आणि ॲक्सलच्या उघड्या टोकावरही तशीच एक रेघ काढावी. नेहमीचे चढ असलेल्या रस्त्याने आठवडाभर सायकल चालवल्यावर या रेघा पाहाव्यात. नटाची रेघ हलली असेल तर नट सुटतो आहे. ॲक्सलची रेघ फ्रेमशी तिरपी झाली असेल तर ॲक्सलच फिरतो आहे, आणि ही दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे.

त्यानंतर चाक काढून खाच उजेडात नीट पाहावी. आमच्या भागातील एका शिक्षकांची सायकल रोज पुण्यातील चांदणी चौकाचा चढ चढत असे. तिचा डावा नट दर पंधरवड्याला सैल व्हायचा. चाक काढल्यावर खाचेच्या वरच्या कडेला पुढच्या बाजूस आणि खालच्या कडेला मागच्या बाजूस रंग निघून धातू चकाकत होता, आणि त्याच दोन ठिकाणी नखाला लागेल इतका खळगा पडला होता. ॲक्सलचे चपटे कोपरे नेमके तिथेच रुतत होते. व्हर्निअरने मोजल्यावर खाच तोंडापाशी १० मिमी आणि आत खळग्यापाशी त्याहून रुंद भरली. खाच एकदा अशी रुंदावली की नट कितीही आवळला तरी ॲक्सलला हलायला जागा राहतेच, आणि तो जितका हलतो तितकी जागा आणखी वाढते. अशा समोरासमोरच्या, तिरप्या जागी पडलेल्या दोन खुणा दिसल्या की आणखी काही तपासण्याची गरज उरत नाही.

खाचेच्या कोपऱ्यातून निघणारी केसासारखी बारीक काळी रेघही शोधावी. ती माती आहे की तडा, हे रॉकेलच्या फडक्याने पुसून ठरवावे. पुसूनही रेघ जात नसेल तर ती फ्रेम मोटरसाठी बाद समजावी. ॲल्युमिनिअमच्या फ्रेमचा तडा वेल्डिंग करून आणणारे भेटतात, पण सायकलच्या फ्रेमला वापरले जाणारे ॲल्युमिनिअम उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेले असते आणि वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळचा भाग पुन्हा मऊ पडतो. ती प्रक्रिया नव्याने करण्याची सोय गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे नसते. मागचे चाक निसटणे म्हणजे काय, हे चालत्या रहदारीत कळण्यापेक्षा फ्रेम बदललेली बरी.

टॉर्क आर्म: हा सुटा भाग ऐच्छिक नाही

खाच शाबूत असेल किंवा थोडीच रुंदावली असेल, तर टॉर्क आर्म लावणे हा खरा उपाय आहे. ही पोलादाची चार ते सहा मिमी जाडीची पट्टी असते; तिच्या एका टोकाला ॲक्सलच्या चपट्या भागावर घट्ट बसणारे छिद्र असते आणि दुसरे टोक फ्रेमच्या नळीला बांधलेले असते. तिचे गणित सोपे आहे. जो पीळ खाचेच्या कडांवर चारशे किलोच्या हिशेबाने बसत होता, तोच १० सेंटिमीटर लांबीच्या आर्मच्या टोकाशी चाळीस किलोच्या आसपास येतो, आणि तेवढा भार फ्रेमची नळी सहज घेते. कित्येक किटमध्ये आर्म येत नाही, आला तर दोन मिमीच्या पत्र्याचा येतो. असा पत्रा न लावलेला बरा, कारण तो लावल्याने फक्त समाधान मिळते. जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पाच मिमीच्या माइल्ड स्टीलच्या पट्टीचा आर्म करून घेतला तर तो किटमधल्यापेक्षा हमखास चांगला निघतो.

करून घेताना दोन गोष्टींवर अडून बसावे. पहिली म्हणजे छिद्राचे माप. छिद्र आधी थोडे लहान ठेवून कानशीने हळूहळू इतकेच वाढवावे की आर्म ॲक्सलवर हाताने जोर देऊन जेमतेम सरकेल. अर्ध्या मिमीचा खेळ राहिला तरी प्रत्येक वेळी मोटर सुरू होताना ॲक्सल तेवढा फिरून आर्मवर आपटतो, आणि आपटणारा भाग टिकत नाही. दुसरी गोष्ट आर्मच्या जागेची. ॲक्सल मागे फिरू पाहतो, म्हणून पुढच्या दिशेला ठेवलेल्या आर्मचे टोक वर उचलले जाते. तेव्हा आर्म चेन-स्टेच्या, म्हणजे चाकापासून पेडलकडे जाणाऱ्या नळीच्या खालच्या अंगाला ठेवावा. मग सगळा जोर नळीवर दाबाने जातो आणि क्लिपला फक्त आर्म जागेवर धरण्याचे काम उरते. आर्म नळीच्या वर ठेवला तर सगळा भार पातळ क्लिपवर येतो, आणि बहुतेक तुटलेल्या क्लिप याच चुकीच्या असतात. शक्य असेल तर आर्म दोन्ही बाजूंना लावावा. एकच लावायचा असेल तर डावीकडे.

जोडणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. हबच्या बाजूने आधी आतला वायसर, मग फ्रेमची खाच, मग खाचेत दात अडकणारा टॉर्क वायसर, त्यावर आर्म, नंतर साधा वायसर आणि शेवटी नट. दात असलेल्या वायसरचा दात खाचेत बसायलाच हवा. तो उलटा लागला तर नट आवळल्यासारखा वाटतो, पण वायसर दातावर टेकून तिरपा राहतो आणि आठवड्यात सैल होतो. नट साधारण ४० न्यूटन-मीटरला आवळावा, किटच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. टॉर्क पाना नसेल तर २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सोळा किलो उचलण्याइतका जोर दिला की तेवढाच पीळ बसतो. पान्याला पाइप लावून आवळू नये, कारण पोकळ ॲक्सलचे आटे लवकर जातात आणि आटे गेलेल्या मोटरचा ॲक्सल सुटा मिळणे कठीण असते.

तारा का तुटतात

२६ इंची चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४८० फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार खाली आली की तिच्यावरचा ताण कमी होऊन पुन्हा वाढतो. ताण मुळातच पुरेसा असेल तर तार या चढउतारातही ताणलेलीच राहते. तो कमी असेल तर ती दर फेऱ्याला ढिली पडून पुन्हा ताठ होते, आणि मागे-पुढे वाकवून तोडलेल्या लोखंडी तारेसारखी हबजवळच्या वळणावर तुटते. म्हणजे तारा फार आवळल्याने तुटतात हा समज बहुधा उलटा असतो. त्या ढिल्या राहिल्याने तुटतात.

मोटरच्या चाकात आणखी एक खास कारण असते. मोटरच्या कडेवरची भोके १२ किंवा १३ गेजच्या जाड तारांसाठी पाडलेली असतात. १२ गेजची तार सुमारे २.६ मिमी आणि १३ गेजची २.३ मिमी असते. एक तार तुटली की दुकानदार त्याच्याकडे असलेली नेहमीची १४ गेजची, २ मिमीची तार बसवतो. ती मोठ्या भोकात डुलत राहते, तिचे वळण कडेला नीट टेकत नाही, आणि सर्वांत आधी पुन्हा तीच तुटते. यात दुकानदाराचा दोष नाही, कारण जाड तारा सहसा सुट्या मिळत नाहीत. म्हणून किट घेतानाच सहा-आठ जादा तारा निपलसह (तार रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांसह) मागून घ्याव्यात. १४ गेजच वापरायची वेळ आली तर तारेच्या डोक्याखाली छोटा पितळी वायसर घालावा. तारा एकामागून एक तुटत असतील, तर एकेक बदलत बसण्यापेक्षा सगळे चाक सोडून नव्या तारांनी बांधून घेणे स्वस्त पडते, कारण उरलेल्या तारांचे आयुष्यही तेवढेच खर्च झालेले असते.

नव्याने बांधताना रिम दुहेरी भिंतीची घ्यावी. जाड तार पातळ, एकेरी रिममध्ये पुरेशी ताणताच येत नाही. निपलखालचा पत्रा उचलला जातो. मोटरचा घेर मोठा असल्याने तारा आखूड पडतात आणि नेहमीसारख्या तीन वेळा ओलांडून (म्हणजे प्रत्येक तार वाटेत दुसऱ्या तीन तारांना ओलांडेल अशा) बांधल्या तर त्या निपलमधून वाकड्या बाहेर निघतात, म्हणून २६ इंची आणि त्याहून लहान चाकात एकदाच ओलांडणारी बांधणी सांगावी. बांधून झाल्यावर शेजारच्या दोन-दोन तारा हाताने जोरात दाबून पुन्हा आऊट काढायला सांगावे, आणि शंभर-दीडशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. बहुतेक चाके पहिल्याच महिन्यात बिघडतात ती हा दुसरा आऊट न काढल्यामुळे. फ्रीव्हीलमुळे डाव्या तारांवर ताण कमी असतो, तेव्हा त्या आधी तपासाव्यात.

नवी फ्रेम घ्यायची असेल तर

मोटरसाठी पोलादी फ्रेम घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पोलाद वाकून इशारा देते, ॲल्युमिनिअम तडकून देते. मात्र सगळे पोलाद सारखे नसते. कमी किमतीच्या सायकलींत खाच म्हणजे नळीचे टोक दाबून केलेला तीन मिमीचा पत्रा असतो आणि तो मोटरखाली उघडत जातो. निदान पाच मिमी जाडीची, स्वतंत्र तुकड्याची वेल्ड केलेली खाच पाहावी. ॲल्युमिनिअमचीच घ्यायची असेल तर खाच सात मिमीच्या आसपास जाड असावी आणि पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म असावा. तिथे चालढकल नको.

दोन खाचांमधील अंतर मोजूनच किट मागवावे. मागची मोटर सहसा १३५ मिमीची असते आणि गिअरच्या माउंटन सायकलला ती थेट बसते. बिनगिअरच्या जुन्या सायकलींत हे अंतर बरेच कमी असते. पोलादी फ्रेम दोन्ही बाजूंनी सारखी फाकवून घेता येते, पण त्यानंतर दोन्ही खाचा एकमेकींना समांतर करून घ्याव्या लागतात, नाहीतर ॲक्सल कायम वाकलेल्या अवस्थेत आवळला जातो. ॲल्युमिनिअमची फ्रेम कधीही फाकवू नये.

घरात पडून असलेली काळी, भक्कम दिसणारी दांडीची सायकल मोटरसाठी उत्तम, असे अनेकांना वाटते. तिची नळी खरोखरच मजबूत असते आणि अशी सायकल पुन्हा रस्त्यावर यावी असे मलाही मनापासून वाटते, पण अडचणी नीट समजून घ्याव्यात. तिच्या मागच्या रिमला सहसा ४० भोके असतात आणि मोटरला ३६, त्यामुळे रिम बदलावीच लागते. २८ × १½ मापाचे तिचे टायर बसतील अशी ३६ भोकांची दुहेरी भिंतीची रिम बाजारात सहज मिळत नाही. शिवाय सळईचे ब्रेक आणि क्रोमची पोलादी रिम ही जोडी पावसात इतकी कमी पकडते की २५ किलोमीटरच्या वेगाला ती पुरत नाही. अशा सायकलला मोटर बसवायची तर चाके आणि ब्रेक यांचा खर्च किटच्या खर्चाआधी हिशेबात धरावा.

पुढच्या चाकातील मोटरने हे सारे टळते असे सांगितले जाते. ते पोलादी, बिनशॉकअप फोर्कला टॉर्क आर्म लावूनच खरे आहे. शॉकअपच्या फोर्कची टोके ओतीव, ठिसूळ धातूची असतात. ती तुटली तर स्वार तोंडावर पडतो. तिथे मोटर लावू नये.

सुधारणांचा क्रम

दोष पुन्हा उद्भवण्याचे आणखी एक कारण म्हणजे कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज जाईल हे ठरवणारा डबा, बदलणे. मोटरचा वेग व्होल्टवर आणि ओढ अँपिअरवर अवलंबून असते. १५ अँपिअरचा कंट्रोलर काढून २२ अँपिअरचा लावला की चढावरची ओढ जवळपास दीडपट होते, आणि तेवढाच दीडपट पीळ जुन्याच खाचेवर बसतो. नट सैल होण्याची तक्रार कधी सुरू झाली, हे विचारल्यावर कित्येकदा हीच तारीख निघते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार २५० वॉटहून कमी क्षमतेची, ताशी २५ किलोमीटरच्या आतली आणि बॅटरी वगळता ६० किलोपर्यंत वजनाची सायकलच नोंदणीतून सुटते, हेही अशा वेळी लक्षात ठेवावे. पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी टॉर्क आर्मवर, मग चाकावर, मग ब्रेकवर आणि सर्वांत शेवटी, गरज उरलीच तर, कंट्रोलरवर करावेत.

बॅटरीची जागाही चाकाशी निगडित आहे. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी दोन ते अडीच किलोची असते. ती कॅरिअरवर ठेवली तर मोटर, बॅटरी आणि स्वार या तिघांचाही भार मागच्या तारांवर येतो. बाटली अडकवण्याच्या जागी, खालच्या नळीवर ती बसवल्यास मागचे चाक उघडपणे हलके चालते.

ॲक्सल फिरल्याची शंका असेल तर वायर तपासल्याशिवाय मोटर चालवू नये. वायर पोकळ ॲक्सलमधून बाहेर येते आणि ॲक्सल फिरला की तिथेच पिळवटून तिचे वेष्टन कापले जाते. मोटरला वीज नेणाऱ्या तीन जाड वायर एकमेकींना टेकल्या तर चाक हाताने उलटे, मागच्या दिशेला फिरवताना जड लागते. कनेक्टर काढल्यावर ते मोकळे झाले तर दोष कंट्रोलरच्या बाजूला आहे, तरीही जड राहिले तर मोटरमध्ये किंवा ॲक्सलजवळच्या वायरमध्ये. मोटर कुठवर फिरली हे कंट्रोलरला कळवणाऱ्या पाच बारीक वायरींपैकी एखादी तुटली तर मोटर आचके देते. वायर शाबूत असेल तर ॲक्सलमधून निघाल्यावर तिला खाली झुकणारा एक वळसा देऊनच फ्रेमवर बांधावे, म्हणजे पावसाचे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जाते, वायरीच्या आधाराने मोटरमध्ये शिरत नाही.

हे सारे करून झाल्यावर पहिल्या दिवशी थोडी सायकल चालवून नट पुन्हा आवळावेत, नंतर आठवड्याने आणि मग महिन्याने. तीन वेळा पाहूनही रंगाची रेघ जागची हलली नसेल तर पुढे दर पंक्चरच्या वेळी तेवढी पाहणी पुरते. पंक्चरवाल्याने चाक काढून परत लावले असेल, तर आर्म नळीच्या खालीच बसला आहे ना आणि वायसरचा दात खाचेत गेला आहे ना, हे तिथेच उभे राहून पाहावे.